डेटा क्लास: आठ महिने वापरल्यावर

जानेवारीत नाशिकचा गारठा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. त्या गारठ्यात रात्री पावणेतीनला फोन: एसबी३७, म्हणजे मेनफ्रेमवरच्या जॉबला फाइल लिहायला डिस्कवर जागा पुरली नाही. गोधडीतून उठायचं, जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींत) स्पेस वाढवायची, जॉब रीस्टार्ट करायचा. अशा चार रात्री झाल्यावर आम्ही एसएमएसचा (मेनफ्रेमवर डिस्कची जागा सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) डेटा क्लास, म्हणजे नव्या फाइलसाठी आधीच ठरवलेल्या गुणधर्मांचा संच, मनावर घेतला.

मूळ दुखणं होतं जेसीएलमधली ट्रॅकमध्ये (डिस्कवरची जागा मोजायचं एकक) केलेली (५,१) ही मागणी: आधी प्रायमरी ५ ट्रॅक, मग लागेल तसा एकेक. कुणीतरी कधीकाळी लिहिलं आणि पुढच्यांनी कॉपी केलं. साध्या सिक्वेन्शियल फाइलला एका व्हॉल्यूमवर (डिस्कवर) १६ एक्स्टेंट, म्हणजे सलग जागेचे तुकडे, मिळतात. प्रायमरीचे ५ ट्रॅक सलग मिळाले, तर पुढे १५ वेळा एकेक; २० ट्रॅकवर खेळ खलास. ३३९० प्रकारच्या डिस्कवर ८० बाइटचं रेकॉर्ड आणि २७,९२० बाइटचा ब्लॉक (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या रेकॉर्डांचा गठ्ठा) धरला तर ट्रॅकमध्ये ६९८ रेकॉर्ड बसतात, म्हणजे एकूण १३,९६०. महिनाअखेरीची फाइल यात कशी मावणार?

डेटा क्लासमध्ये रेकॉर्ड फॉरमॅट, रेकॉर्ड लांबी, स्पेस, व्हॉल्यूम काउंट एकदाच ठरवून ठेवता येतं. एक्स्टेंडेड फॉरमॅट दिला की एक्स्टेंटची मर्यादा व्हॉल्यूममागे १२३ वर जाते. मागितलेली जागा मिळाली नाही तर ठरवलेल्या टक्क्यापर्यंत कमी जागेवर भागवायची सोयही आहे, आणि ती खरंच कामाची निघाली.

पण पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडेना. कारण जेसीएलमध्ये लिहिलेलंच चालतं. तिथे जे दिलेलं नाही तेवढंच डेटा क्लास भरतो. जेसीएलवर मात करणारा स्पेस ओव्हरराइड त्यात आहे, पण तो सरसकट लावायची आमची छाती झाली नाही. म्हणजे खरं काम डीडी कार्डांमधून (जेसीएलमधल्या फाइलच्या ओळींमधून) जुनं स्पेस काढून टाकण्याचं. दोन महिने त्यातच गेले.

दुसरी फजिती पूर्णपणे माझी. कुठल्या फाइलला कुठला क्लास लावायचा ते ठरवणाऱ्या एसीएस रूटीनच्या फिल्टलिस्टमध्ये (फाइलनावांच्या यादीत) एचएलक्यूनंतर, म्हणजे नावाच्या पहिल्या भागानंतर, एकच स्टार टाकला. ट्रान्सलेट झालं, व्हॅलिडेट झालं, ॲक्टिव्हेट केलं, आणि चार क्वालिफायरच्या (नावात टिंबांनी तोडलेले चार भाग असलेल्या) फाइल्सना क्लास लागेचना. एक स्टार म्हणजे एकच क्वालिफायर, दोन हवेत. आमचे सीनिअर सर स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘टेस्ट केस चालवली होती का?’’ नव्हती.

कोबोलवाल्यांसाठी एक: प्रोग्रॅममध्ये ‘ब्लॉक कंटेन्स ०’ नसेल तर सिस्टिमला ब्लॉक साइज ठरवायला सहसा वावच राहत नाही. क्लास कितीही चांगला असो, ट्रॅक वाया जाणार. आयएसएमएफच्या (जिथे हे क्लास भरायचे त्या) पॅनेलबद्दल न बोललेलं बरं, पुढच्या पानावर जायला एफ८ दाबून बोट दुखतं.

मार्चपासून रात्रीचे फोन जवळपास थांबले. एक जॉब तेवढा राहिलाय, त्यात अजून (५,१) आहे. तो आपला आहे हे कुठलीच टीम मान्य करत नाही. बिघडला की फोन मात्र मलाच.