स्पूलला दांडी पुरे, की बेअरिंगचा रोलर छापायचा?

थ्रीडी प्रिंटरची प्लास्टिकची तार (फिलामेंट) ज्या रिळावर गुंडाळलेली येते ती स्पूल. छोट्या, पाव किलोच्या स्पूलवर काम भागत असेल तर प्रिंटरसोबत आलेली दांडी ठेवा. एक किलोची स्पूल आणि रात्रभर चालणारी कामं असतील तर मात्र रोलरच करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दांडीवर स्पूलचं मधलं भोक घासत फिरतं. प्लास्टिकच्या स्पूलला ते चालून जातं. पुठ्ठ्याच्या स्पूलचं भोक मात्र झिजून खडबडीत होतं आणि मग ती अडत-अडत, हिसके देत फिरते. तो ताण एक्स्ट्रूडरवर, म्हणजे तार आत ओढणाऱ्या भागावर येतो आणि छापलेल्या भिंतीत मध्येच एखादा थर बारीक पडतो. रोलरवर स्पूलच्या कडा ६०८ या मापाच्या चार बेअरिंगवर टेकतात. एका बोटाने तार ओढली तरी स्पूल सरकते. दांडीची जमेची बाजू एकच, पण ती मोठी आहे: टेबलावरची जागा अडत नाही.

रोलरचा दोष म्हणजे स्पूल कधीकधी गरजेपेक्षा मोकळी फिरते. हिसका बसला की वेढे सैल पडतात आणि तार एकमेकीत अडकते. म्हणून रबरी सीलचं बेअरिंग घ्या. ते जरा जड फिरतं, इथे तेच हवं असतं. शिवाय कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि उन्हाळ्यातली धूळ त्यात शिरत नाही.

डिझाइन करताना ६०८ ची मापं पक्की धरा: आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७ मिमी. छापलेलं भोक थोडं लहानच येतं, म्हणून बेअरिंगची खाच २२.२ ठेवून आधी एक छोटा तुकडा छापून बघा. आसासाठी ८ मिमीचा बोल्ट उत्तम. आस छापायचाच असेल तर आडवा छापा. उभा छापला की थरांच्या सांध्यावर तुटतो. २०० मिमी व्यासाच्या स्पूलसाठी पुढच्या-मागच्या बेअरिंगच्या केंद्रांत साधारण ११० मिमी अंतर ठेवा. फार जवळ घेतलं तर धक्क्याने स्पूल उलटते.

रोलरची एकसंध बैठक छापायला सोपी, पण स्पूलची रुंदी कंपनीगणिक बदलते. दोन सुट्या पट्ट्या करून त्या सळईवर सरकत्या ठेवल्या की कुठलीही स्पूल बसते. थोडं जास्त काम आहे, पण मी हेच निवडेन.

तारेच्या प्लास्टिकचे दोन प्रकार, पीएलए की पीईटीजी, यात खान्देशात दोन मतं नकोत: पीईटीजीच. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात भुसावळला बाहेरच ४५ अंश असतात. पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात सतत किलोभर वजन पेलणारी पट्टी हळूहळू वाकते. पीईटीजी ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं. छापताना बाहेरून चार थरांच्या भिंती आणि आत २५ टक्के भरण पुरेसं आहे.

पावसाळ्यात तर रोलरचा खरा उपयोग कळतो. तार ओल धरते, छपाईत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे सुटतात. बैठक उचलून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, भोकातून टेफ्लॉनची नळी बाहेर काढायची आणि डब्यातूनच छापायचं. दांडीसाठी डब्याला आरपार भोकं पाडावी लागतात. डबा घेताना उंची मोजा: रोलरवर बसलेली मोठी स्पूल तळापासून साधारण २१५ मिमीपर्यंत जाते, तेव्हा आतून २३० मिमी तरी हवेत.