थॉनीवर सहा महिने वर्ग घेतल्यावर: त्या हिरव्या पट्ट्याविषयी

उन्हाळ्यातल्या पहिल्या पायथन प्रोग्रॅमिंगच्या कार्यशाळेचे दोनपैकी दीड तास इन्स्टॉल करण्यातच गेले. वाचनालयाची खोली, बारा जुने लॅपटॉप, बहुतेकांना ४ जीबी रॅम, नेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट. कोड लिहायला सगळे वापरतात तोच एडिटर मी निवडला होता. आधी पायथन, मग एडिटर, मग त्याचं एक्स्टेन्शन. पायथन कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून इन्स्टॉल करताना 'पाथ'ची खूण करावी लागते, ती पाच जणांची राहिली आणि माझा दिवसाचा डेटा संपला. नववीची मुलं नुसती बसून राहिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग थॉनी घेतलं, पायथन लिहायचा आणि चालवायचा साधा एडिटर. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात ते शिकवण्यासाठीच तयार झालं. पायथन आतच असतं. पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवरून उतरवली की अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही. पुढच्या रविवारी वीस मिनिटांत सगळ्यांचं 'प्रिंट' चाललं, एक रुपयाचा डेटा न जाळता.

पण मी थॉनीवर टिकले ती हिरव्या पट्ट्यामुळे. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की तिथून पुढचा मजकूर फिकट हिरव्या रंगात उठून दिसतो. आधीचा एडिटर बंद करणारं चिन्ह स्वतःच टाकायचा. काम सोपं व्हायचं, पण चूक कुठे होते हे मुलांना कळायचंच नाही. पेपरात हाताने कोड लिहायचा असतो, तिथे कोण चिन्ह टाकून देणार? आता मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, माझं हिरवं झालं," आणि मी पोचेपर्यंत पोराने ते दुरुस्त केलेलं असतं.

तिसऱ्या महिन्यात मात्र माझं मत थोडं हललं. मी वर्ड प्रोसेसरमध्ये केलेल्या नोट्समधून मुलांनी कोड कॉपी केला. त्यातली अवतरणचिन्हं वळणदार. पायथनला ती चालत नाहीत, पण हिरवा पट्टाही येत नाही. अर्धा वर्ग अडकला. खाली एरर स्पष्ट लिहिली होती: अवैध कॅरॅक्टर, यू+२०१सी (म्हणजे त्या वळणदार चिन्हाचा क्रमांक). पण पट्ट्याची सवय लागल्याने तिकडे कोणी बघितलंच नाही. तेव्हापासून पहिल्या दिवशी एररची शेवटची ओळ मोठ्याने वाचून घेते. नोट्सही साध्या टेक्स्ट फाइलमध्येच देते.

एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपेज बनवायच्या, वर्गाला थॉनी नको, ते पायथनसाठीच आहे. तिथे मी जीनी हा दुसरा एडिटर वापरते, तेही जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं.

थॉनीच्या 'व्ह्यू'मधली 'व्हेरिएबल्स'ची खिडकी, जिथे प्रत्येक व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत दिसते, ती मी सुरुवातीला उघडतही नव्हते. गेल्या रविवारी एकीचा व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा चालवणारा) थांबेना. तिला ती खिडकी उघडून, कंट्रोल-एफ५ दाबून पुढे एफ७ने एकेक छोटी पायरी जायला सांगितलं. बऱ्याच वेळा दाबल्यावर तीच म्हणाली, "मॅडम, आय एकच राहतोय, वाढवायची ओळ लूपच्या बाहेर गेलीय." आता ती खिडकी सगळ्यांची पहिल्या दिवसापासून उघडी असते.