स्टार वॉर्सचा मराठी कालक्रम-तक्ता: भिंतीवर चढवण्याआधी दोन दुरुस्त्या करा

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या बाजूला एका छपाईच्या दुकानात स्टार वॉर्सच्या कथा घटनाक्रमाने मांडणारा हा तक्ता मागणीनुसार छापून मिळतो. ए१ आकाराची दोन पानं आडवी, शेजारी-शेजारी लावायची. लावून झाल्यावर साधारण साडेपाच फूट लांब आणि दोन फूट उंच होतो. मॅट लॅमिनेशनसकट ६५० रुपये. चित्रपट पिवळ्या रंगात, मालिका निळ्या, अॅनिमेशन हिरव्या, पुस्तकं तपकिरी, कॉमिक्स लाल आणि गेम जांभळ्या.

कालगणना यावीनच्या लढाईपासून आहे. १९७७ च्या पहिल्या चित्रपटाचा शेवट ज्या लढाईने होतो ते शून्य वर्ष. इंग्रजी BBY, ABY ही अक्षरं तशीच न उचलता तक्त्यावर 'या.पू.' (यावीनपूर्व) आणि 'या.नं.' (यावीननंतर) छापलंय. इ.स.पू. वाचायची सवय असलेल्याला ते पहिल्या नजरेत कळतं. प्रत्येक चौकटीत वर कथेतलं वर्ष आणि खाली बारीक अक्षरात प्रदर्शनाचं वर्ष. ही दुहेरी नोंद फार मोलाची आहे, कारण या विश्वात दोन्ही क्रम एकमेकांपासून सतत फटकून चालतात. १९९९ चा 'फँटम मेनेस' ३२ या.पू. ला, १९८० चा 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' ३ या.नं. ला. ज्याने अजून काहीच पाहिलेलं नाही त्याला मात्र हा तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायला देऊ नका. १९८० च्या चित्रपटातलं गुपित त्याला तिथे पोचायच्या खूप आधीच कळेल. नवख्याने प्रदर्शनाच्या क्रमाने बघावं आणि मग तक्त्याकडे यावं.

तक्त्याची खरी कसोटी 'क्लोन वॉर्स' या अॅनिमेशन मालिकेवर लागते, आणि तिथे तो पैकीच्या पैकी गुण मिळवतो. ही मालिका २००८ पासून सांगण्याच्या सोयीने, मागेपुढे उड्या मारत प्रसारित झाली. कथेप्रमाणे सुरुवात दुसऱ्या सीझनच्या १६ व्या भागाने होते. मग पहिल्या सीझनचा १६ वा, मग २००८ चा अॅनिमेशनपट, मग तिसऱ्या सीझनचे १ आणि ३ हे भाग, आणि त्यानंतर कुठे पहिल्या सीझनचा पहिला भाग. बाजारात मिळणारे बरेच तक्ते इथे एकच लांब हिरवा पट्टा ओढून मोकळे होतात. या तक्त्याने पट्टा कापून भागांचे क्रमांक दिलेत. फरक कुठे पडतो याचं एक उदाहरण: तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात एका क्लोन तुकडीचं प्रशिक्षण आहे. त्याच पोरांची पहिली लढाई पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात आणि पुढची तिसऱ्याच्या दुसऱ्या भागात. प्रसारणाच्या क्रमाने बघितलं तर कोण मेलं याची झळच लागत नाही, कारण ते कोण होते हे तुम्हाला दोन सीझन उशिरा कळतं. सातव्या सीझनचे शेवटचे चार भाग २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'च्या बरोबरीने घडतात. तक्त्यात ते चित्रपटाच्या पुढे न ठेवता थेट खाली, समांतर छापलेत. हे अगदी बरोबर.

तेवढीच काळजी 'अँडोर' या मालिकेच्या बाबतीत घेतलीय. २०२२ चा पहिला सीझन ५ या.पू. मध्ये. २०२५ चा दुसरा सीझन तीन-तीन भागांच्या चार तुकड्यांत, ४ ते १ या.पू. असा पायरी-पायरीने उतरत 'रोग वन' या चित्रपटाच्या दारात जाऊन थांबतो. त्याच सीझनच्या नवव्या भागाशेजारी बाण काढून 'रेबेल्स' या अॅनिमेशन मालिकेचा २०१७ चा एक भाग जोडलाय. बंडखोरांना मिळालेली सिनेटर मॉन मॉथ्मा सिनेटमधल्या भाषणानंतर पळून जाते, तो प्रवास आठ वर्षं आधी आलेल्या अॅनिमेशनमध्ये पुढे चालू होतो. एवढं बारीक जोडकाम करणाऱ्या माणसाने हे सगळं मन लावून पाहिलंय यात शंका नाही.

म्हणूनच पहिली चूक जास्त खटकते. 'बुक ऑफ बोबा फेट' ही मालिका एकसंध निळ्या चौकटीत, स्वतंत्र कथा म्हणून टाकलीय. सात भागांच्या या मालिकेतला पाचवा भाग पूर्णपणे 'मँडलोरियन' या दुसऱ्या मालिकेच्या नायकाचा आहे, बोबा त्यात दिसतही नाही. सहाव्यात, त्याने सांभाळलेल्या छोट्या ग्रोगूपुढे त्याच्याकडे परतायचं का अशी निवड ठेवली जाते आणि सातव्यात तो परत येतो. 'मँडलोरियन'चा दुसरा सीझन या दोघांच्या ताटातुटीवर संपतो, तिसरा सुरू होतो तेव्हा दोघं एकत्र. मधले तीन भाग गाळणाऱ्याला आपल्याकडून एखादा भाग सुटला असंच वाटणार. उपाय सोपा: कायमस्वरूपी मार्करने ५, ६, ७ हे आकडे लिहून तिसऱ्या सीझनच्या चौकटीपर्यंत रेघ ओढा. लॅमिनेशनवर साधं स्केचपेन टिकत नाही, बोटाने पुसलं जातं.

दुसरी चूक कॉमिक्सच्या रांगेत आहे. मार्व्हलच्या 'स्टार वॉर्स' नावाच्या दोन मालिका शेजारी-शेजारी आहेत आणि नेमकं तिथेच प्रदर्शनाचं वर्ष गाळलंय. २०१५ ची ७५ अंकांची मालिका १९७७ आणि १९८० च्या चित्रपटांच्या मधली. २०२० ची ५० अंकांची मालिका १९८० आणि १९८३ च्या मधली. दोन्हींचा अंक १ असतो, त्यामुळे जुन्या अंकांच्या ढिगातून घेणारा हमखास फसतो. दोन्ही चौकटींत वर्ष लिहून ठेवा.

गेमची रांग छोटी पण नेटकी आहे. 'फॉलन ऑर्डर' १४ या.पू., 'सर्व्हायव्हर' ९ या.पू., म्हणजे 'ओबी-वान केनोबी' मालिकेच्याच वर्षात. एप्रिल २०१४ मध्ये अधिकृत कथेबाहेर काढलेलं जुनं साहित्य तळाशी करड्या पट्टीत आहे. थ्रॉन हा खलनायक मात्र दोन्हीकडे दिसतो. तो १९९१ च्या कादंबरीतून आला, २०१४ मध्ये बाहेर गेला आणि २०१६ मध्ये 'रेबेल्स'मधून पुन्हा आत आला, म्हणून त्याचं दोन ठिकाणी असणं योग्यच. हाय रिपब्लिकचा, म्हणजे चित्रपटांच्या कितीतरी आधीचा काळ डावीकडे नागमोडी रेघेने तोडून आवळलाय. शतकांना दोन वितींची जागा दिलीय, हे ध्यानात घेऊन तो भाग वाचावा.

छपाई स्वच्छ आहे, पण प्रदर्शनाच्या वर्षांची अक्षरं फार लहान पडलीत. चार फुटांवरून वाचता येत नाहीत. तक्ता डोळ्यांच्या उंचीवर, ट्यूबलाइटच्या समोर न येईल अशा भिंतीवर हवा. दुहेरी चिकटपट्टी वापरू नका. ठाण्याच्या पावसाळ्यात डिस्टेंपरच्या भिंतीला ओल धरते आणि जुलैपर्यंत पट्टी रंगाचा पापुद्रा घेऊन सुटते. दोन्ही पानं ५ मिलिमीटर सनबोर्डवर चिकटवून घ्या. चिकटवण्याआधी मधला सांधा जुळवून बघा. दुसऱ्या पानाच्या डाव्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची पांढरी किनार सुटलेली असते. ती कटरने, पोलादी पट्टी धरून कापली नाही तर सांधा नेमका शून्य वर्षाच्या रेघेवर फाटल्यासारखा दिसतो.