नाताळच्या सुट्टीत घरातील कोणते काम काढावे : रंगकाम, गच्ची की परसबाग?

डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात खानदेशातील घरे पुन्हा भरू लागतात. सुरत, पुणे, नाशिक येथे नोकरीधंद्यास असलेली मुले मुलाबाळांसह गावी येतात. मराठी शाळांची मोठी सुट्टी दिवाळीतच होऊन गेलेली असली, तरी केंद्रीय मंडळाच्या आणि इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळा नाताळपासून नववर्षापर्यंत बंद असतात. हात भरपूर आणि हवा थंड, म्हणून वर्षभर रखडलेले एखादे काम सर्वांनी मिळून उरकावे असे कोणीतरी सुचवते आणि कोणते काम यावरून घरात लगेच दोन तट पडतात. बहुधा तीन कामांची नावे पुढे येतात : एखाद्या खोलीचे रंगकाम, गच्चीची गळती बंद करून तिच्यावर पांढरा लेप देणे, आणि परसबाग. हा आढावा स्लॅबचे स्वतःचे घर असलेल्यांसाठी आहे. धाब्याच्या घरावर माती टाकण्याचे काम पावसाळ्याच्या तोंडावरच होते आणि पत्र्याच्या छताचे प्रश्न निराळे असतात, त्यामुळे अशा घरांपुढे रंगकाम आणि परसबाग एवढेच पर्याय उरतात.

सुट्टी आठवडाभराची दिसत असली तरी कामाला तेवढे दिवस मिळत नाहीत. भरिताचा बेत एक पूर्ण दिवस घेतो, कारण शेतात पऱ्हाट्यांच्या आगीवर वांगी भाजायची, ती बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीसोबत वीस-पंचवीस माणसांना वाढायची, ही तासाभराची गोष्ट नव्हे. दत्तजयंतीपासून भरणारी सारंगखेड्याची यात्रा त्याच सुमारास आली, तर घोडे पाहण्याचा मुलांचा हट्टही मोडवत नाही. यातून चार, फार तर पाच दिवस उरतात, असे धरून चालावे.

रंगकाम सर्वांना सोपे वाटते, कारण त्याचे फळ लगेच डोळ्यांना दिसते. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत चार भिंती मिळून 440 चौरस फूट भरतात. दारे-खिडक्या वजा करून आणि छत धरून सुमारे पाचशे चौरस फुटांचे काम होते. दोन हातांना इमल्शन रंग चार ते पाच लिटर लागतो. खरा वेळ मात्र रंगाला लागत नसून त्याच्या आधीच्या कामाला लागतो. जुना पोपडा खरवडणे, पुट्टीचे दोन हात देणे, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणे आणि मग प्रायमर देणे, यातच तीन दिवस जातात. थंडीच्या रात्री पुट्टी आणि रंग सावकाश वाळतात, आणि पाण्यात मिसळायचे रंग साधारण दहा अंश सेल्सिअसच्या खाली लावू नयेत असा दंडक आहे. धुळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे ब्रश सकाळी दहाच्या आधी आणि दिवस मावळल्यावर हातात घेऊ नये, हे उत्तम. म्हणजे हिवाळ्यात रंगकामाचा दिवसच तोकडा होतो.

याहून मोठी अडचण घरातील माणसांची आहे. खोली रिकामी केली की तिच्यातील पलंग, कपाट आणि गाद्या दुसऱ्या खोलीत जातात, आणि नेमकी याच आठवड्यात घरात माणसे नेहमीपेक्षा दुप्पट असतात. रंगाचा वास जाण्यासाठी खिडक्या रात्रीही उघड्या ठेवाव्या लागतात. ज्या घरात आजोबांना दमा आहे किंवा तान्हे मूल आहे, त्या घरात हे डिसेंबरच्या थंडीत करणे शहाणपणाचे नाही. मुलांना घासकामाला बसवण्याचा मोहही आवरावा. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये आले आणि ते 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधी दिलेल्या ऑइलपेंटच्या थरांत, विशेषतः जुन्या दारे-खिडक्यांवर, शिसे जास्त असू शकते आणि कोरडे घासल्याने त्याची धूळ श्वासावाटे व हातांवाटे मुलांच्या पोटात जाते. असे काम प्रौढांनी पाणी मारून, ओल्या पेपरने करावे.

रंगकामाच्या बाजूने सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. दिवाळीपूर्वी कितीही विनवण्या केल्या तरी न मिळणारा रंगारी डिसेंबरमध्ये बहुधा मोकळा असतो. परंतु तो जसा नाताळात मिळतो तसा फेब्रुवारीतही मिळतो, आणि तेव्हा हवाही उबदार असते. हे काम दीड-दोन महिने पुढे ढकलल्याने काही बिघडत नाही.

गच्चीच्या कामाला मात्र ही सवलत नाही, आणि माझ्या मते निर्णयाचे खरे कारण इथे आहे. पावसाळ्यात मुरलेले पाणी दिवाळीपर्यंत स्लॅबमध्ये रेंगाळते. त्यावर लेप दिला तर आतील ओल बाहेर पडण्यासाठी धडपडते आणि लेपाला फोड येतात. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब कोरडा असतो, पण जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तापलेल्या स्लॅबवर पाण्यात मिसळलेला लेप नीट पसरण्यापूर्वीच सुकतो आणि त्याला बारीक चिरा पडतात. शिवाय फाल्गुनापासून गच्चीवर घरातील बायकांचा हक्क असतो. बिबडे, कुरडया, पापड यांची वाळवणे तिथे पसरतात, पुढे वर्षाचे धान्य उन्हाला घातले जाते आणि रात्री अंथरुणेही तिथेच पडतात. ओल गेलेली आहे, ऊन सौम्य आहे आणि गच्ची रिकामी आहे, असा काळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच मिळतो. त्यातही घरात चार जण एकत्र असण्याचे दिवस म्हणजे ही सुट्टी.

ओल खरोखर गेली आहे का, हे पाहण्याची साधी रीत आहे. हातभर लांबरुंद प्लॅस्टिकचा कागद गच्चीवर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि तो रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी कागदाच्या वरच्या बाजूला दव असेल, ते विचारात घेऊ नये. खालच्या बाजूला थेंब जमलेले दिसले, तर स्लॅबमध्ये अजून पाणी आहे. अशा वेळी काम महिनाभर थांबवावे.

डिसेंबरमध्ये छत कोरडे दिसते आणि त्यामुळेच अनेक घरांत फसगत होते. पावसाळ्यात पडलेला पिवळट डाग वाळून फिका झालेला असतो, आणि गळती थांबली असे समजून त्यावर पुट्टी व रंग चढवला जातो. पुढच्या जुलैत तो सगळा थर पापुद्र्यांनी खाली येतो. म्हणून डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी, जवळच्या दोन भिंतींपासून त्याचे अंतर मोजावे आणि तीच मापे गच्चीवर नेऊन तिथे तडा शोधावा. पाणी स्लॅबच्या आत आडवेही वाहते, त्यामुळे तडा अगदी डागाच्या वर न मिळता चढाच्या बाजूला दोन-तीन फुटांवर मिळू शकतो. कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा व पावसाळी पाइपाचे तोंड या दोन जागांची तपासणी आधी करावी. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

कामाचा क्रम असा. शेवाळ आणि सैल सिमेंट तारेच्या ब्रशने काढून गच्ची धुवावी. तडे छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखे उघडावेत आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरावेत. कठड्याच्या मुळाशी सिमेंटचा गोलसर उतार द्यावा. तो चांगला भिजवून पक्का झाल्यावर कोपऱ्यांवर काचतंतूंची जाळी बसवून लेपाचा पहिला हात द्यावा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने मारावा म्हणजे सुटलेली जागा झाकली जाते. दव पडलेल्या सकाळी पृष्ठभाग हाताला कोरडा लागेपर्यंत थांबावे. लेप पुरता वाळल्यावर, म्हणजे डब्यावर दिलेली मुदत पाळून, पाइपाची तोंडे कापड आणि वाळूच्या पिशव्यांनी बंद करावीत, इंचभर पाणी साठवावे आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास खालून छत पाहत राहावे. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाणी म्हणजे सुमारे चौदाशे लिटर होते. ज्या गावांत उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे मे महिन्यात ही चाचणी करण्याची कोणाची छाती होणार नाही. डिसेंबरमध्ये विहिरी आणि बोअरवेल भरलेल्या असतात, आणि चाचणीनंतरचे पाणी पाइपाने झाडांच्या आळ्यांत सोडता येते.

पांढरा लेप उन्हाचा मोठा भाग परतवतो आणि त्यामुळे उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरील खोल्या कमी तापतात, हा दुसरा लाभ. त्यासाठी चुन्याचा स्वस्त पर्यायही खानदेशात चांगलाच रुळलेला आहे. विरलेल्या चुन्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळून तो झाडूने पसरतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, तरी पावसाळ्यात तो बराच धुऊन जातो आणि दरवर्षी द्यावा लागतो. तडे बुजवणे हे त्याचे काम नव्हे. म्हणून दुरुस्ती आता करावी आणि चुन्याचाच बेत असेल, तर तो होळीच्या आसपास द्यावा. थंडीत घर आणखी गार करून घेण्यात अर्थ नाही. कळीचा चुना घरी विरवायचा झाल्यास तो पाण्यात पडताच उकळतो आणि शिंतोडा डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा त्या वेळी मुले खाली असलेलीच बरी. एरवी या कामात मुलांना वाव भरपूर आहे. मापे घेणे, तड्यांचा नकाशा काढणे आणि पाण्याची पातळी दर चार तासांनी पट्टीने मोजून वहीत लिहिणे ही कामे दहा-बारा वर्षांची मुले प्रौढांपेक्षा चोख करतात. अट एवढीच की गच्चीला पुरेसा उंच कठडा हवा.

परसबाग या तिघांत सर्वांत आनंदाची आणि सर्वांत कमी खर्चाची. अंगण मातीचे असेल, तर तिच्याविरुद्ध बोलण्यासारखे फारसे नाही. मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर डिसेंबरच्या शेवटीही पेरता येतात. मेथी साधारण महिन्याभरात काढणीला येते, तर कोथिंबिरीला दीड महिना धरावा. धणे रगडून दोन दले वेगळी करून रात्रभर भिजवले तरी थंडीत उगवण सावकाश होते. त्यामुळे पंचवीस डिसेंबरला पेरणारी नातवंडे भाजी तोडायला घरात नसतात. ती संक्रांत उलटून गेल्यावर आजी-आजोबांच्या ताटात येते. ज्यांना हे चालत असेल त्यांनी खुशाल पेरावे. रोज पाणी घालणारे माणूस मागे राहणार नसेल, तर मात्र या पर्यायाचा विचार सोडून द्यावा. भरिताच्या वांग्यांचीही आशा धरू नये, कारण आता बाजारात येणाऱ्या वांग्यांची रोपे पावसाळ्यातच लावलेली असतात.

गच्चीवरची बाग ही वेगळी गोष्ट आहे आणि ती गच्चीच्या दुरुस्तीशी थेट भांडते. पंधरा सेंटीमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरला अडीचशे ते तीनशे किलो भरतो. हे वजन स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळयांवर किंवा भिंतींच्या माथ्यावर यावे. त्यात आपली काळी माती कुंडीत दगडासारखी बसते आणि वाळली की तडकते, म्हणून तिच्यात निम्म्याच्या आसपास शेणखत आणि कोकोपीट मिसळावे. रावेर, यावल, चोपडा या भागांत केळीचे खुंट आणि पाने फुकट मिळतात. ती बारीक चिरून कुजवल्यास पालाशयुक्त खत तयार होते. परंतु गळक्या गच्चीवर कुंड्या मांडणे म्हणजे तिला बारमाही पावसाळा लावून देणे होय. एप्रिलनंतर पन्नास टक्के सावलीची शेडनेट लावल्याशिवाय पालेभाजी तिथे टिकत नाही, हा खर्चही आधीच मोजून ठेवावा.

मागील पावसाळ्यात छताला एक जरी डाग पडला असेल, तर या सुट्टीत गच्चीखेरीज दुसरे काम काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छत निर्दोष आहे, अंगणात माती आहे आणि आई-वडील किंवा अन्य कोणी गावी राहणार आहे, अशा घराने बाग करावी. रंगकामाचा क्रमांक शेवटचा लागतो. त्याला अपवाद एकच : पौष संपल्यावर घरात साखरपुडा किंवा लग्न ठरलेले असेल, तर बैठकीची खोली आताच रंगवून घ्यावी, पण झोपायच्या खोल्यांना हात लावू नये.

गच्चीचे काम ठरल्यास पाहुणे येण्याची वाट न पाहता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकच्या कागदाची परीक्षा आणि तड्यांची पाहणी उरकून घ्यावी. तडे भरणे आणि कठड्याच्या मुळाशी सिमेंट करणे हे गवंड्याचे काम तिसऱ्या आठवड्यात संपवावे, म्हणजे सुट्टीपर्यंत ते पक्के होते. गवंड्याशी बोलणे त्याही आधी झालेले बरे, कारण याच महिन्यात कापसाची वेचणी चालू असते आणि त्याच्या हाताखालचे मजूर अनेकदा शेतात गेलेले असतात. लेपाचा डबा घेताना त्यावरील उत्पादनाचा महिना पाहावा, आणि भरिताचा बेत दोन हातांच्या मधल्या दिवशी ठेवावा, कारण त्या दिवशी गच्चीवर पाऊल टाकायचे नसतेच.