पाट्यांचे बुश: रबर की पॉली?

जुन्या फोर बाय फोरचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) घरी खाली उतरवले की त्यांच्या टोकांतले बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या गादीसारख्या नळ्या, बदलणं ओघानेच येतं. मग प्रश्न पडतो, मूळचे रबराचे टाकायचे की ते लाल-निळे पॉलीयुरेथेनचे (पॉली, रबरासारखं पण कडक प्लास्टिक)? मी दोन्ही वापरलेत. सध्या गाडीत रबर आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मला कितपत निःपक्षपाती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

बसवायला पॉलीइतकं सोपं काही नाही. दोन अर्धे तुकडे, मधे लोखंडी नळी, वर थोडं ग्रीस. अंगठ्याने नाहीतर व्हाइसमध्ये दाबून आत जातात. रबरी बुशाला (सायलेंट ब्लॉकला) बाहेरूनही लोखंडी कवच असतं, ते पाट्याच्या गोल घरात दाबूनच बसवावं लागतं. घरी प्रेस नसेल तर आट्यांचा लांब रॉड, जाड वॉशर आणि बुशपेक्षा किंचित मोठा पाइपचा तुकडा घेऊन काम भागतं. जोर फक्त बाहेरच्या कवचावर यायला हवा आणि सुरुवात सरळ व्हायला हवी. पहिल्या दोन-चार आट्यांत बुश तिरका झाला की पुढे कितीही ओढा, तो तिरकाच जाणार.

पण पॉलीची ही सोय मोजताना एक गोष्ट विसरली जाते. जुना बुश काढण्याचा त्रास दोघांनाही सारखाच. आधी रबर ड्रिलने पोखरून मधली नळी काढायची, मग हॅकसॉचं पातं घरातून आरपार घालून, पुन्हा फ्रेमला लावून, गंजलेलं कवच आतून कापायचं. काप पाट्याला टेकायच्या आत थांबायचं आणि छिन्नीने कवचाची कड आत दुमडायची. एकदा दुमडली की पुढचं सोपं. काहीजण रबर सरळ जाळून टाकतात. मी त्या वाटेला जात नाही. धूर तर घाण असतोच, शिवाय जास्त तापवलं तर पाट्याच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

चालवताना पॉली ताठ वाटते. स्टिअरिंगला जरा नेमकेपणा येतो, आणि बारीक खडीच्या रस्त्यावरची थरथर बॉडीत जास्त पोचते. जुन्या गाडीत आधीच इतकं काही थरथरत असतं की याने फार फरक पडावा असं मला वाटत नाही. कॉइल स्प्रिंगवाल्यांनी मात्र थोडा विचार करावा. 1970 च्या रेंज रोव्हरसारख्या मांडणीत पुढचा ॲक्सल प्रत्येक रेडियस आर्मला (ॲक्सल चासीशी जोडणाऱ्या दांड्याला) दोन बुशांनी धरलेला असतो. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ॲक्सलचा पीळ हेच बुश पोटात घेतात. तिथे कडक पॉली टाकली की चाकाची चाल कमी होते.

माझा निर्णय झाला तो आवाजामुळे. रबरी बुशात काही घासतच नाही. कवच घराला पक्कं, नळी बोल्टने आवळलेली, पाटा हलला की मधलं रबर नुसतं पिळतं. पॉली मात्र नळीवर फिरते. ग्रीस आहे तोवर सगळं शांत. मग त्यात धूळ शिरते, पाणी शिरतं आणि कुरकुर सुरू होते. गाडी धुतली की एखादा दिवस बंद, वाळली की परत. बाहेरून स्प्रे मारून उपयोग शून्य, कारण तो जिथे हवा तिथे पोचतच नाही. इलाज एकच: चासी स्टँडवर घ्या, पाट्यावरचा ताण काढा, बोल्ट काढा, बुश पुसा, सिलिकॉनचं चिकट ग्रीस भरा, परत जोडा. चार पाटे आणि त्यांचे शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणारे हलते दुवे) म्हटल्यावर सुट्टीचा दिवस गेला.

तरी नुसत्या कुरकुरीचं मी मनावर घेतलं नसतं. अडचण अशी की जुनी गाडी आपण कानाने सांभाळतो. प्रोपेलर शाफ्टचा (गियरबॉक्सकडून ॲक्सल फिरवणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, कोरडा पडला की हळू वेगात चिक-चिक करतो आणि वेगाबरोबर ती चिक-चिक वाढते. पाटा ॲक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल झाला तर गियर पुढचा-मागचा करताना टक् होतं. पॉलीची कुरकुर चालू असताना हे बारीक आवाज तिच्यात बुडून जातात. त्यातही वाईट म्हणजे, प्रत्येक नव्या आवाजावर आपण ‘बुशच असेल’ म्हणायला लागतो. पुन्हा रबर टाकल्यावर पहिल्याच फेरीत मला मागच्या क्रॉसचा आवाज ऐकू आला. तो किती दिवस येत होता, कोण जाणे.

अर्थात, सगळ्यांना हे लागू पडेलच असं नाही. इंजिन किंवा स्टिअरिंग बॉक्सचं तेल ज्या बुशावर ठिबकतं, तिथे रबर फुगून मऊ पडतं आणि पॉली टिकते. गळती थांबणार नसेल तर तेवढ्या जागी पॉलीच टाका. काही शॅकलमध्ये मुळातच दोन तुकड्यांचे, हाताने बसणारे रबर असतात. तिथे तर पॉलीचा सोपेपणाचा फायदाही उरत नाही. आणि 1941 च्या विलीस जीपच्या शॅकलसारखे आट्यांचे धातूचे बुश आणि ग्रीस निपल असतील, तर ग्रीस गन उचला, हा वाद तुमचा नाहीच.

रबर घेतलंत तर बसवताना साबणाचं पाणी लावा, साधं ग्रीस नको. बोल्टच्या दांड्याला अँटी-सीझ (बोल्ट गंजून अडकू न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर पुढच्या वेळी तो आतल्या नळीला धरून बसेल आणि ग्राइंडर काढावा लागेल. आणि शेवटचं आवळणं गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच करा. पाटे लोंबकळत असताना आवळलं, तर रबर कायमचं पिळलेलं राहून लवकर फाटतं, आणि मग दोष रबराला दिला जातो.