बॅगेत टूर्निकेट ठेवायचंय? मग पारखून घ्या

टूर्निकेट म्हणजे हाता-पायाच्या जखमेतून वाहणारं रक्त थांबवायला आवळून बांधायची पट्टी. 7 जुलै 2005 ला सकाळी 8:50 च्या सुमारास लंडनच्या भुयारी रेल्वेत तीन स्फोट झाले आणि तासाभरात एका बसमध्ये चौथा. 52 माणसं गेली. बोगद्यातल्या डब्यांत मदत पोचेपर्यंत जखमींजवळ होते ते सहप्रवासीच. रक्त थांबवायला हाताशी कमरेचा पट्टा नाहीतर अंगातला शर्ट. 11 जुलै 2006 चे लोकलमधले स्फोट पाहिलेल्या मुंबईकरांना यावर जास्त सांगायला नको.

पट्ट्याने हे काम का होत नाही, तर नुसत्या हाताने तो पुरेसा आवळला जात नाही. कॅट (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट) जातीच्या टूर्निकेटला पिळायला दांडा असतो आणि पट्टी साधारण दीड इंच रुंद, त्यामुळे दाब धमनीपर्यंत पोचतो. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, दोन-तीन इंचांवर बांधायचं. गुडघ्यावर, कोपरावर नाही. पट्टीखाली येणारा खिशातला मोबाइल आधी काढा. पट्टी हाताने जमेल तेवढी ताणून घ्या आणि मगच दांडा फिरवा. बहुतेकांचं इथेच बिनसतं: पट्टी सैल राहते, दांडा गरागरा फिरतो आणि रक्त वाहतच राहतं. रक्त थांबलं की दांडा खाचेत अडकवून वेळ लिहा. भयंकर दुखतं, माणूस ओरडतो. तरी सैल करायचं नाही. ते काम डॉक्टरांचं.

मान, काख, जांघ (मांडी धडाला जुळते ती जागा) इथे याचा उपयोग शून्य. (जाहिराती हे सांगत नाहीत.) मान, काख आणि जांघेच्या खोल जखमेत गॉझ तळापर्यंत ठासून दोन्ही हातांनी सलग दाबून धरावा लागतो, साधा गॉझ असेल तर निदान दहा मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही. छाती-पोटाच्या जखमेत मात्र गॉझ ठासू नका.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त नकला घेऊ नका. ताण आला की दांडा वाकतो, खाच तुटते, वेल्क्रो सुटतो, आणि हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. महाग पडतं, पण अर्धवट चालणाऱ्या वस्तूला इथे काही किंमत नाही.

प्लॅस्टिकचं वेष्टन काढून, पट्टी ओवून, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. लोकलमध्ये ती बॅग रॅकवर टाकली तर गर्दीत हाती लागणार नाही. सोबत गॉझ, हातमोजे, मार्कर आणि कपडे कापायची बोथट टोकाची कात्री. सरावासाठी निळ्या पट्टीचं वेगळं मिळतं. खरं टूर्निकेट सरावात झिजवू नका.