फोनवर जुने डॉस गेम, आठ महिने वापरून झाल्यावर

मागच्या जूनमध्ये पाऊस लागला नि आमच्या मालवणात नेहमीसारखं लाईटचं, नेटचं येणंजाणं सुरू झालं, तेव्हा फोनवर मॅजिक डॉसबॉक्स टाकलं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस पीसीचे गेम फोनवर चालवणारं अ‍ॅप. आठवड्यातून तीन-चारदा तरी खेळतोच. फोन साधा, ६ जीबी रॅमवाला. महागडा फोन लागत नाही, कंट्रोल मात्र नीट लागतात, सगळं त्यावर आहे.

पहिला टाकला अर्थात प्रिन्स ऑफ पर्शिया, जुन्या सीडीवरून फायली कॉपी करून. १९८९ चा गेम, राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं, शाळेत एका पीसीवर तिघं बसून खेळायचो आणि एकजण फक्त शिफ्ट दाबायला असायचा. त्या शिफ्टनेच तर घोळ झाला. शिफ्ट धरून बाण दाबला की प्रिन्स एकेक पाऊल जपून टाकतो, उडी मारून कठडा पकडायचा तरी शिफ्टच, आणि काचेवर बोट नेमकं बटणावर आहे की सरकलंय ते कळतच नाही, त्यात अंगठ्यांनी अर्धं चित्र झाकलेलं. गणपतीत भाचा आलेला, त्याला खेळायला दिलं तर दहा मिनिटांत, "मामा, ह्यो परत खड्ड्यात पडलो!" मग ओटीजी केबलने (फोनला कीबोर्ड वगैरे जोडायची छोटी केबल) साधा कीबोर्ड लावला आणि काय सांगू, बोटांना सगळं आठवत होतं. कंट्रोल-जी ने तिसऱ्या लेव्हलपासून पुढे सेव्ह होतो हेसुद्धा.

सेटिंगमध्ये दोनच गोष्टी बघा. एक म्हणजे आस्पेक्ट, चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण. हे गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण जुन्या ४:३ मॉनिटरसाठी काढलेले, लांबट स्क्रीनवर ताणले की माणसं जाडी दिसतात. दुसरं सायकल्स. फोनची चिप एआरएम, गेम इंटेलच्या चिपसाठी लिहिलेले, त्यामुळे डॉसबॉक्सला जुना पीसी आतल्या आत उभा करावा लागतो, सायकल्स म्हणजे त्या पीसीचा वेग. उगाच वाढवू नका, फोन तापतो आणि बॅटरी जाते. डूम या गोळीबाराच्या गेमला खूप सायकल्स लागतात, पण त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) १९९७ मध्येच खुला झालाय, तर खास फोनसाठी बनवलेली आवृत्ती, म्हणजे पोर्टच घ्या, डॉसबॉक्समधून कशाला.

खरं प्रेम जडलं ते स्कमव्हीएम या दुसऱ्या अ‍ॅपवर. हे पीसीची नक्कल करत नाही, गेमचं इंजिनच नव्याने लिहिलेलं असतं, आपण फक्त गेमच्या डेटा फायली द्यायच्या. बहुतेक गोष्टीचे, माऊसने क्लिक करायचे गेम, म्हणजे बोटासाठीच जणू. बिनीथ अ स्टील स्काय हा १९९४ चा गेम २००३ पासून फुकट आहे, सुरुवात त्याने करा. मी कुडाळहून मुंबईला जाताना खेळत गेलो, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात सगळ्या डब्याचं नेट गेलं तरी माझं चालूच, ना जाहिरात ना लॉगिन. फक्त अक्षरं बारीक, संध्याकाळी डोळे दुखतात, टॅब असेल तर टॅबवरच खेळा.

एक आपल्या किनारपट्टीवाल्यांसाठी: खाऱ्या हवेने माझ्या पहिल्या ओटीजी केबलची पिन ऑक्टोबरपर्यंत हिरवी पडली, मधेच कीबोर्ड जायचा. आता केबल घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो. ब्लूटूथ कीबोर्डपण आणून बघितला, पण दाबल्यावर क्षणभर उशीर व्हायचा आणि प्रिन्समध्ये तेवढ्यात मान कापली जाते, परत केला.

भाच्याच्या फोनवरही सगळं बसवून दिलंय. प्रिन्सच्या बाराव्या लेव्हलला स्वतःच्या सावलीशी गाठ पडते, तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो, तिथे तो पंधरा दिवस अडकला होता. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. परवा रात्री साडेदहाला फोन, "मामा, तलवार ठेवलंय आणि तो माझ्यातच शिरलो!"